गाव गप्प झालं तेव्हा

शंख वाजला आणि फालानिकोची जुनी पिकअप नेमकी सिएनीच्या घरासमोर अडकली.

सामोआतल्या त्या गावात सांजप्रार्थनेचा शंख झाला की वाटेवरच्याने वाटेवरच थांबायचं. गाड्यांनीही. ही बया मात्र उभ्या जागी अशी ओरडत होती, जशी काही डोंगर चढतेय. घराला भिंती नाहीत, नुसते खांब. आत चटईवर बसलेल्या सिएनीच्या आत्याला स्वतःचं स्तोत्र ऐकू येईना.

सिएनी उठून खांबापाशी आली. "बंद कर ना..."

"बंद केली तर उतारावर ढकलून चालू करावी लागते. इथे सगळं सपाट. ढकलशील तू?"

"माझ्या बापाने बस चालवली. ढकलली नाही."

तो हसला, आणि हसताना त्याने मान खाली घातली. तेवढं तिने बघून ठेवलं.

मग तो धक्क्यावरच्या बेकरीतले पाव घेऊन वरचेवर येऊ लागला, आणि दर वेळी शंख त्याला तिथेच गाठायचा. आत्याला हे कळत नव्हतं असं नाही. आत्याला सगळं कळायचं. पण एक दिवस गावच्या वडीलधाऱ्यांनी निक्षून सांगितलं, की आता पुन्हा प्रार्थनेत ही गाडी गुरगुरली तर गाडी आणि गाडीवाला, दोघांनाही गाव बंद.

दुसऱ्या दिवशी तिने वारलेल्या बापाचे नटबोल्टाचे पाने बाहेर काढले आणि फालानिकोला दुपारीच बोलावून घेतलं. बॉनेट उघडलं. उभ्या गाडीच्या इंजिनाचा वेग ठरवणारा, त्याने कुणाकुणाकडून पिळून घेतलेला स्क्रू तिने पुरता सैल केला, आवाज तसाच. ॲक्सिलरेटरची तार पाहिली. ती मोकळी होती, कुठे अडकत नव्हती.

मग कुठून तरी चोरून हवा ओढत असणार, ती म्हणाली, एखादी नळी चिरली असेल. चीर शीळ घालते, पण ती ऐकायची कशी? पोरं, कोंबड्या, शेजारचा रेडिओ, सगळ्यांना तेव्हाच कंठ फुटलेला.

सूर्य टेकला. फालानिको स्टिअरिंगकडे वळला. "निघतो. शंखाच्या आत हद्दीबाहेर गेलेलं बरं."

"जाऊ नकोस. बंदही करू नकोस. गाव गप्प झालं की ऐकू येईल."

"आणि नाही आलं तर?"

"तर... पाव दुसऱ्याकडून घेऊ," ती म्हणाली.

शंख वाजला. रेडिओ मिटला, पोरं आत गेली, कोंबड्या झाडावर चढल्या. रस्त्याच्या टोकाकडून प्रार्थनेत कुणी फिरू नये म्हणून राखणीवर असलेले गावातले तरणे गडी झपाझप येऊ लागले. सिएनीने डोळे मिटून बॉनेटखाली कान नेला. इंजिनाच्या त्या कोलाहलाखाली — बारीक, पातळ शीळ. ब्रेककडे जाणाऱ्या रबरी नळीच्या मागच्या अंगाला, जिथे नजर पोचत नाही. तिने बोट घातलं. चीर बोटाखाली आली.

गाडीने उसासा टाकला आणि आवाज खाली आला. अजून खाली. म्हाताऱ्या मांजरीसारखी नुसती घुरघुरत राहिली. गडी थबकले, एकमेकांकडे बघत माघारी वळले.

बोट काढलं की पुन्हा बोंब. म्हणून सबंध प्रार्थना सिएनी तशीच वाकून उभी, बोटाला चटके सोसत. समोर फालानिको. बोलायला मनाई होती. बघायला कुणी मनाई केली नव्हती...

प्रार्थना संपली. त्याने गाडी बंद केली, ढकलायला आता गावातली पोरं होती; तिने बापाच्या सामानातला नळीचा तुकडा बसवला. तो मात्र तोंड पाडून उभा.

"आता गाडी नीट झाली. इथे अडकलो म्हटलं तर कोण मानेल?" तो म्हणाला.

"अडकत होतास?"

"शंख कधी होतो ते मला काय ठाऊक नाही? त्या वळणावर थांबून राहायचो. एकदा शंख झाला की मला कुणी हाकलू शकत नाही... तेवढा वेळ तू दिसायचीस."

सिएनीने हात पुढे केला. "बोट भाजलंय माझं," ती म्हणाली.

त्याने तिचा हात हातात घेतला आणि हळूच फुंकर घातली.

"ए पाववाल्या," आत्या चटईवरूनच म्हणाली, "उद्यापासून प्रार्थनेला रस्त्यात उभा राहू नकोस. लोक म्हणतील, यांच्याकडे चटई नाही."

दुसऱ्या दिवशी तो शंखाच्या आधीच आला, धुतलेला सदरा घालून. सिएनी कान लावून बसली होती, तरी गाडी कधी आली ते तिला ऐकूच आलं नाही.