रोक्सेलची घंटा

सोलांज बापाला न्यायला आली होती, एवढंच. खाली शहरात तिच्या दोन खोल्या होत्या आणि नळाला पाणी होतं. रोक्सेलमध्ये वारा सोडून काही फुकट मिळत नव्हतं. फ्रान्समधल्या लोझेरच्या उघड्याबोडक्या पठारावर करड्या दगडाची दहाबारा घरं, त्यातल्या तीनचार घरांतूनच धूर निघायचा. बाकीची माणसं काही लढाईनं नेली, काही खालच्या कोळशाच्या खाणींनी. उरले ते हट्टी म्हणून उरले, आणि त्या हट्टी लोकांचा मुकुटमणी म्हणजे तिचा बाप, बातिस्त.

"तुझा बाप येतोय कसला!" शेजारच्या ओर्तांसकाकू म्हणाल्या. "घंटेशी दुसरं लग्न लावलंय त्यानं. आम्ही आपले वऱ्हाडी!"

घंटा बातिस्तच्या घराला लागूनच होती. दगडी कमानीत टांगलेली, दोर त्याच्या दाराशी लोंबणारा. प्रार्थनेशी तिचा काही संबंध नव्हता. पठारावर हिमवादळ उठलं की माणसाला स्वतःचा हात दिसत नाही. मग घंटा वाजवायची, म्हणजे चुकलेला माणूस आवाजाच्या रोखानं घरी येतो. ज्याच्या घरचं माणूस बाहेर, त्यानं दोर धरायचा आणि ते उंबऱ्यात येईपर्यंत सोडायचा नाही. मधेच दोर सोडणं म्हणजे आपलं माणूस गेलं, असं आपणच जाहीर करणं.

सोलांज सात वर्षांची असताना असंच वादळ उठलं होतं. ती खालच्या गावात शाळेत होती. मास्तरीणबाईंनी पोरांना तिथंच ठेवून घेतलं, गरम सूप पाजलं, चुलीशी झोपवलं. पण ही खबर वर कळणार कशी? आई, लेओनी, पोरीला आणायला निघाली ती परत आलीच नाही. बातिस्त दिवसरात्र घंटा वाजवत राहिला. शेवटी पाद्रीबाबांनी एकेक बोट सोडवून त्याच्या हातातून दोर काढून घेतला. बर्फ वितळल्यावर लेओनी सापडली, घरापासून हाकेच्या अंतरावर. तोंड मात्र शाळेच्या दिशेला. त्यानंतर सोलांजला खाली मावशीकडे धाडलं. पुढं ती यायची ती फक्त उन्हाळ्यात.

या वेळी कधी नव्हे ती नोव्हेंबरात आली, आणि दुपारीच आभाळ खाली उतरलं. आधी समोरची भिंत पांढऱ्यात गेली, मग अंगण. बातिस्तनं उठून दार सताड उघडलं आणि दोर धरला.

"बाबा, सगळे घरात आहेत. कुणासाठी वाजवताय?"

"तुझ्या आईसाठी."

"बाबा... आईला आपण पुरलंय."

"मला सांगतेस? खड्डा मीच खणला." त्यानं आणखी एक टोल दिला. "येते ती. प्रत्येक वादळात येते, उंबऱ्यापर्यंत. विचारते, अहो, पोरगी आली का? मी म्हणतो, आली. तर म्हणते, मग दाखवा." म्हाताऱ्यानं दोर हिसडला. "काय दाखवू? तू खाली..."

"म्हणून तुम्ही इतकी वर्षं हलला नाहीत?"

"एकदा तिला तू दिसू दे. तिची वणवण थांबू दे. मग तुझ्या शहरात सांगशील त्या कोपऱ्यात पडून राहीन."

सोलांजला रडू आलं. एकटेपणानं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय असं तिला वाटलं. तरी ती त्याच्याजवळ उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. बापाला तेवढंच हवं होतं.

घंटा वाजत होती. बर्फ आत येत होतं. मग ओल्या लोकरीचा वास आला, आणि त्यामागून लाकडी बुटांचा आवाज. टक्... टक्... फरशीवर चालल्यासारखा. बाहेर तर गुडघाभर बर्फ होतं.

पांढऱ्यातून एक बाई पुढं आली. खांद्यावर शाल, भुवयांवर बर्फ. सोलांज भ्याली नाही, नुसती बघत राहिली. आई इतकी तरुण होती हे तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. चाळिशीतल्या सोलांजपुढं ती धाकट्या बहिणीसारखी दिसत होती.

"अहो... पोरगी आली का?"

"आली, लेओनी! ही बघ! ही बघ ना!"

लेओनीनं सोलांजकडं पाहिलं. आधी चेहऱ्याकडं, मग तिच्या मागं, खाली, एखादं लहान पोर लपलंय का ते पाहावं तसं. मग अदबीनं म्हणाली, "बाई, तुम्ही खालून आलात का? वाटेत एक लहान मुलगी दिसली का हो? लाल टोपडं आहे तिचं."

"आई... मीच ती. मी सोलांज."

"असली थट्टा करू नये, बाई." लेओनीनं शाल घट्ट ओढून घेतली. "तुमचीही आई वाट बघत असेल. जा घरी."

आणि ती वळली. सोलांजनं हात पुढं केला, पण शाल हाती लागली नाही. "आई, जाऊ नकोस! मी शाळेतच होते गं... मी सूप पीत होते..." ती ओरडत राहिली. बापाच्या हातातून दोर कधी सुटला, ते दोघांनाही कळलं नाही.

वादळ एकाएकी ओसरलं. अंगणात उजेड आला आणि बातिस्त बोट दाखवून हसायला लागला, रडता रडता.

उंबऱ्यापासून खालच्या वाटेकडं पावलं गेली होती. मोठ्या लाकडी बुटांची, आणि त्यांच्या शेजारून बारकी, लहान पोराची.

"मिळाली तिला!" म्हातारा म्हणाला. "गेली हात धरून!"

बारकी पावलं सोलांज उभी होती तिथून सुरू होत होती. येणारी पावलं कुठंच नव्हती.

त्याच आठवड्यात बातिस्तनं गाठोडं बांधलं, आणि कित्येक वर्षांत नव्हता इतका तो बोलका झाला. उतरणीला लागलेल्या बसमध्ये त्यानं लेकीचा हात हातात घेतला. "आठवतं तुला? थंडीत शाळेला निघालीस की तुझी आई चुलीत भाजलेले चेस्टनट तुझ्या खिशात भरायची. हात गरम राहावेत म्हणून."

"आठवतं ना," सोलांज म्हणाली.

तिला काहीच आठवत नव्हतं. ना चेस्टनट, ना आईचा आवाज, ना नुकतंच उंबऱ्यात पाहिलेलं तिचं तोंड. त्या वादळापर्यंत लख्ख आठवत असलेलं मावशीच्या घराअगोदरचं सगळं आता धुऊन निघाल्यासारखं कोरं होतं.