सत्त्याऐंशीवा कप्पा

मोठ्या वाद्यवृंदात प्रत्येक वादकासमोर फक्त त्याच्या वाद्यापुरते कागद असतात. संगीतकार सगळ्यांचं मिळून एक जाडजूड बाड लिहितो. त्यातून एकेकाचा वाटा वेगळा काढायचा, स्वच्छ अक्षरात उतरवायचा, वाटायचा आणि काम संपलं की मोजून परत घ्यायचा, एवढंच मास्तरांचं काम. तीस वर्षं शाळेत लहान मुलांना गाणं शिकवून ते ह्या कामाला लागले होते, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. चार ठोक्यांच्या प्रत्येक चौकटीला ते कप्पा म्हणायचे, तीही शाळेतलीच सवय.

त्या दिवशी मुखवट्यातल्या नायकाच्या दुसऱ्या चित्रपटाचं संगीत ध्वनिमुद्रित होणार होतं. पहिला भाग काळोखाने भरलेला होता, हा त्याच्याही पुढचा. पहिल्यात खलनायक आला की हॉर्न, म्हणजे वेटोळे पितळी कर्णे, गरजायचे. ह्या वेळचा खलनायक पडद्यावर दिसतच नाही. सगळी वाद्यं ऐन भरात असताना एकदम थांबतात, चार ठोके काहीच नसतं, मग पुन्हा सगळं कोसळतं. त्या चार ठोक्यांत तो आलेला असतो. सत्त्याऐंशीवा कप्पा. मास्तरांनी प्रत्येकाच्या प्रतीत तो रिकामा ठेवला होता.

हॉलला खिडक्या नव्हत्या. लाकडी जमीन, भिंतींना जाड कापड, दारावर लाल दिवा, समोर चित्रपटाचा पडदा, एका बाजूला काच आणि तिच्यामागे ध्वनिमुद्रकाची खोली. प्रत्येकाच्या एका कानाला हेडफोन, त्यात ठोके मोजणारी टिकटिक. शेवटच्या रांगेत मास्तरांची लेक व्हायोला घेऊन बसली होती. व्हायोलिनची थोरली, जाड आवाजाची बहीण म्हणजे व्हायोला, असं त्यांनीच तिला लहानपणी सांगितलं होतं. तिचं हे पहिलं मोठं काम.

"बाबा, काचेमागून माझ्याकडे बघत बसू नका हं," तिने सकाळीच बजावलं. "हात थरथरतात."

"मी कशाला बघतोय? मी माझे कागद बघतो."

पहिला टेक झाला. कानाला लावलेला हेडफोन दाबत संगीतकार बाई म्हणाल्या, "बरा आहे. पण त्या शांततेत अजून फार गर्दी आहे. श्वास ऐकू येतात."

चहाची सुट्टी झाली. चित्रपट लागेपर्यंत कागद बाहेर जाऊ नयेत म्हणून प्रत्येक सुट्टीत प्रती मोजायच्या, असा नियम होता. मास्तरांनी मोजल्या. हॉर्नच्या चार प्रती, आणि हॉर्नवाले तीन.

"चौथे कुठे गेले?"

"कोण चौथे?" पहिला हॉर्नवाला हसला. "आम्ही तिघंच आहोत मास्तर. पहिल्या भागातही तिघंच होतो. वय झालं बघा तुमचं."

"बाडात चौथ्याची ओळ आहे."

"ओळ असेल. माणूस नाही."

मास्तरही हसले. चूक झाली की आधी स्वतःकडे बोट करायचं, ही त्यांची रीत. पण ती प्रत कोरी नव्हती. अवघड जागी डोळे उघडे ठेवायची आठवण म्हणून वादक पेन्सिलीने चष्म्याचं चित्र काढतात. सत्त्याऐंशीव्या कप्प्यावर तसा चष्मा होता आणि खाली कुणीतरी गमतीने झुपकेदार मिशी काढली होती. हॉर्नमध्ये फुंकून साचलेलं पाणी वादक पायाशी झटकतात. चौथ्या रिकाम्या खुर्चीपुढे तसं पाणी सांडलं होतं. मास्तरांनी वाकून बोट लावलं. ते अजून कोमट होतं.

दुसऱ्या टेकनंतर दोन प्रती उरल्या, एक सनईसारख्या ओबोची, एक लांब नळीच्या ट्रॉम्बोनची. मास्तर काचेमागे ध्वनिमुद्रकाकडे गेले.

"ओबोच्या रिकाम्या खुर्चीसमोर माईक लावलाय. कुणासाठी?"

ध्वनिमुद्रकाने मान वर केली. "जास्तीचा असेल."

"तू जास्तीचे माईक लावतोस?"

त्याने त्या माईकची कळ खाली ओढली आणि हात मांडीवर ठेवला.

"छान," बाई तिकडून म्हणाल्या. "आता जमायला लागलंय."

तिसऱ्या टेकनंतर मास्तर मोजायच्या आधी शेवटच्या रांगेकडे गेले. लेक होती. तिला पाहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण इतका वेळ श्वास रोखून धरला होता.

तारवाद्यांना दोघांत मिळून एक प्रत असते. एक वाजवत राहतो, शेजारचा पान उलटतो. लेकीच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. पाठीवर निळा स्वेटर टांगलेला.

"शेजारी कोण बसतं तुझ्या?"

"कुणी नाही. मी एकटीच आहे."

मास्तरांनी तिच्यासमोरची प्रत उचलली. पानाच्या कोपऱ्यात गोल, टपोऱ्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'पान मी उलटीन. तू फक्त डुलक्या काढू नकोस.' त्याखाली लेकीचं तिरकं अक्षर होतं, 'डुलक्या तूच.'

"हे कुणाला लिहिलंस?"

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. गोल अक्षरावरून बोट फिरवलं.

"माहीत नाही बाबा."

"चल, घरी जाऊ. आत्ता."

"मध्येच? बसलं की संपेपर्यंत उठायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना? आणि मला परत कोण बोलावेल?" मग हळू आवाजात म्हणाली, "असे पांढरे का पडलात?"

काय सांगणार? लेकीशेजारी बसणाऱ्या मुलीचा चेहरा मास्तरांनाही आठवत नव्हता. त्यांच्यापाशी होता तो फक्त कागद. पुढच्या टेकनंतर अशीच एक प्रत उरेल, तिच्यावर हे तिरकं अक्षर असेल, आणि आपलीच काहीतरी चूक झाली असं समजून ते ती पेटीत ठेवतील. रडणारसुद्धा नाहीत.

ते बाईंकडे गेले. "तो एक कप्पा काढून टाकता येईल का?"

"मास्तर, तो कप्पा म्हणजेच हा चित्रपट." त्या समजावणीच्या सुरात बोलल्या. "आणि पान उलटताना तुमच्या शेवटच्या व्हायोलाचे दोन सूर गळतात. तेवढं बघा."

मास्तर कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले. चुका झाकायची पांढरी चिकटपट्टी त्यांनी कप्प्याएवढी कापली आणि लेकीच्या प्रतीत सत्त्याऐंशीव्या कप्प्यावर बसवली. तिच्यावर एकच सूर लिहिला, चार ठोक्यांचा, अगदी मंद. वादक समोर लिहिलेलं असतं ते वाजवतो, का म्हणून विचारत नाही. जो वाजवत असेल तो त्या शांततेत नसेल. ह्यापलीकडे त्यांना काही सुचलं नाही.

"पान मी उलटतो," ते म्हणाले आणि रिकाम्या खुर्चीवर बसले.

"आता तर हात थरथरणारच," लेक पुटपुटली. पण हसली.

लाल दिवा लागला.

ऐंशी. सगळा हॉल घुमत होता, जमीन पायांखाली थरथरत होती. समोरच्या पडद्यावर नायक गच्चीच्या कडेला उभा होता. त्र्याऐंशीला मास्तरांनी पान उलटलं. एकही सूर गळला नाही.

शहाऐंशी.

सगळं थांबलं.

आणि व्हायोलाचा एक बारीक सूर उरला. लेकीचा गज हळूहळू सरकत होता. मास्तरांनी तिच्या मनगटावर नजर खिळवली. तिच्या सुराला धक्का लागू नये म्हणून त्यांनी श्वास रोखला.

सगळ्या हॉलमध्ये तीच तेवढी वाजवत होती. बाकीचे सगळे गप्प बसले होते.

मास्तरसुद्धा.

मग वाद्यं कोसळली, टेक संपला, दिवा विझला. लेक तिथेच होती. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रिकाम्या कप्प्यात व्हायोला कुणी वाजवला?" बाईंनी विचारलं.

लेकीने हात वर केला. "माझ्या कागदावर लिहिलंय. कुणीतरी पट्टी चिकटवलीय."

"मी चिकटवली," मास्तर म्हणाले.

कुणी मान वळवली नाही.

"प्रती कोण उतरवतं आपल्याकडे?" बाईंनी काचेकडे बघत विचारलं.

"कुणी नाही," ध्वनिमुद्रकाचा आवाज आला. "छापूनच येतात ना?"

मास्तरांनी लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. तिने खांदा आखडला, रिकाम्या खुर्चीवरचा निळा स्वेटर ओढून अंगावर घेतला आणि पुढच्या वादकाला म्हणाली, "ह्या बाजूने गार येतं."

"ती पट्टी काढून टाक," बाई म्हणाल्या. "एक शेवटचा टेक घेऊ."

तिने नखाने पट्टीचं टोक सोडवलं. कागद फाटू नये म्हणून सावकाश, कप्प्याच्या रेघेला धरून.

"अक्षर किती सुंदर आहे बघा," ती म्हणाली. मग तिने पट्टीची गोळी करून खाली टाकली, हेडफोन कानाला लावला आणि आता आपणही कुठे गप्प बसायचं, ती जागा बोट ठेवून नीट पाहून घेतली.