अर्धी पिवळी रेघ

पाना खाली ठेवा. हो, तोच, सतराचा. गिऱ्हाइकाने मला पाना द्यायचा नाही, हा या गॅरेजचा नियम आहे. तोंड वाकडं करू नका. स्टेअरिंगचं काम झालंय, पण वीज गेलीय, ती आल्याशिवाय तुमच्या चाकात हवा भरता येणार नाही. तोवर या दिव्यापाशी बसा, नियम कुठून आला ते सांगतो.

माझ्या ताईची एक जुनी डिझेल पिकअप आहे. दवाखान्याच्या चादरी धुवायला न्यायच्या, धुतलेल्या परत पोचवायच्या, हे तिचं काम. भावजी गेल्यापासून गाडी ती स्वतःच चालवते, आणि वाट घाटाची आहे. त्या पिकअपचा स्टेअरिंग बॉक्स फुटला. ते मॉडेल बंद होऊन जमाना झाला, नवा बॉक्स कुठे मिळणार? दवाखान्याने सांगून टाकलं होतं, सोमवारी गाडी दारात नसली तर काम दुसऱ्याला. म्हणून शनिवारी दुपारी मी गावाबाहेरच्या भंगारात गेलो.

तिथला भंगारवाला म्हणजे एक नमुना. गिअरबॉक्स आणि रेडिएटर यातला फरक त्याला फक्त वजनावरून कळतो. खाटेवर आडवा पडला होता. उठायचे कष्ट न घेता त्याने हनुवटीनेच दिशा दाखवली.

"शेवटच्या रांगेत आहे एक तुमच्या ताईच्या मॉडेलची. पुढून चेपलीय. घ्या काढून काय हवं ते."

"मदतीला कोणी आहे?"

"बघतो. पाठवतो," असं म्हणून त्याने डोळे मिटले.

शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेलो. दोन्ही बाजूंना गाड्यांचे सांगाडे, मधे कमरेएवढं गवत. वारा नव्हता. उन्हाने तापलेला पत्रा अधूनमधून टक् करून वाजायचा, तेवढाच आवाज. पिकअप सापडली. दारं गेलेली, काचा गेलेल्या, रंगाच्या जागी नुसता गंज. बॉनेट चेपून आत घुसलं होतं, पण स्टेअरिंग बॉक्स शाबूत होता. हत्यारांचं फडकं गवतात पसरलं, पाठीवर झोपलो आणि सरकत खाली गेलो.

गाडीखाली भर दुपारीसुद्धा अंधारच असतो. गंज, जुनं ऑइल आणि ओली माती, हे वास मला नवे नाहीत. पण तिथे आणखी एक वास होता. पावाचा. भट्टीतून नुकत्याच काढलेल्या, गरम पावाचा. मी मनात म्हटलं, भंगारवाल्याचा माणूस आला वाटतं, खात खातच.

पहिला बोल्ट चाचपला. एकोणीसचा होता. फडक्याकडे हात न्यायचा, तेवढ्यात पलीकडच्या बाजूने एक हात आला. हातात एकोणीसचा पाना. दांडा माझ्याकडे.

"आलात का?" मी म्हटलं. "मला वाटलं तुमचा मालक संध्याकाळी पाठवेल."

उत्तर नाही. बरंच झालं. मदतीला आलेली माणसं तोंडाचा पट्टाच जास्त चालवतात. पुढचा बोल्ट सतराचा निघाला. मी काही बोलायच्या आत सतराचा पाना पुढे आला, पुन्हा दांडा माझ्याकडे. मग पक्कड. मग हातोडी. सगळं न मागता. खरं सांगतो, मला रागच आला. माझ्यापेक्षा आधी माझं काम कळणारा माणूस मला आवडत नाही.

मग मी बॉक्सच्या खालच्या दांड्याकडे वळलो. चाकांकडे जाणारा रॉड तिथे जोडलेला असतो. त्यावर नट आणि नट फिरू नये म्हणून त्यातून आरपार पिन. एवढीशी वस्तू, पण सगळं स्टेअरिंग तिच्या भरवशावर. इथे रॉड सुटून लोंबत होता. नट गायबच. आणि भोकात पिनेच्या जागी काय असावं? खिळा! अर्धा तुटलेला, गंजलेला, लाकडाला मारायचा खिळा.

मी सुरू झालो. "बघा, बघा हे! कुठल्या गाढवाने बसवलं असेल? असल्या माणसाला गॅरेज काय, सायकलचं दुकानसुद्धा उघडू देऊ नये. खिळा तुटला, नट फिरून पडला, गाडी गेली खाली. त्या ड्रायव्हरचा खूनच केला म्हणायचा. कारागीर म्हणवतात स्वतःला, हरामखोर!"

पलीकडून येणारा पावाचा वास वाढला.

मी दांडा बाहीने पुसला. काळ्या ग्रीसखालून पिवळा रंग निघाला. अर्ध्या बोटाएवढी एक रेघ.

आता ऐका. काम झालं की मी नटावर पिवळ्या रंगाची रेघ ओढतो, नटावरून थेट दांड्यापर्यंत. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. या गावात ही अक्कल फक्त मला आहे, असं मी सगळ्यांना ऐकवत असे. बाकीचे मिस्त्री कसले, नुसते हातोडे आपटणारे. तर नट पडून गेला होता, आणि दांड्यावर उरली होती माझी अर्धी रेघ.

आठवायला वेळ लागला नाही. तो पाववाला. पहाटे घाट चढून पाव पोचवणारा, पडेल आवाजाचा माणूस. दोन वर्षांपूर्वी संध्याकाळी हीच गाडी घेऊन आला होता. मला घरी जायची घाई होती आणि पिनांचा डबा रिकामा. तो शेजारी उकिडवा बसून मला पाने देत होता. न मागता, दांडा माझ्याकडे करून. मी खिळा ठोकला, रेघ ओढली. तेव्हा त्याने हळूच विचारलं होतं. आणि मी म्हणालो होतो, "मिस्त्री तू आहेस की मी? तू बाहेर उभा राहा. काम मला करू दे."

पाच-सहा दिवसांनी तो घाटात गाडीसकट खाली गेला. मी चार लोकांत म्हणालो होतो, झोप लागली असेल, या ड्रायव्हर लोकांना अक्कल कुठली.

गाडीखाली मी हलत नव्हतो. पलीकडून, अगदी कानाजवळून, आवाज आला…

"खिळा… चालेल ना, मिस्त्री?"

आणि हात पुढे आला. तळहातावर खिळ्याचा दुसरा अर्धा तुकडा होता…

मी कसा बाहेर आलो, ठाऊक नाही. कोपरं सोलली होती. उठून पलीकडे गेलो, तर पलीकडे जागाच नव्हती. ती पिकअप ट्रकच्या केबिनींच्या ढिगाला टेकवून ठेवलेली, मधे बोटसुद्धा शिरणार नाही. माझी हत्यारं अलीकडे फडक्यावर होती. ओळीने. एकही पाना जागचा हललेला नव्हता.

भंगारवाला खाटेवर घोरत होता. उठवलं तर म्हणतो, "अरे हो, पाठवायचं राहिलंच."

मग बॉक्स का घेतलास, असं तुमच्या तोंडावर दिसतंय. घेतला, कारण दुसरा नव्हता आणि सोमवार तोंडावर होता. शिवाय भुताखेतांची टिंगल करण्यात माझा जन्म गेला होता. उन्हाने डोकं फिरलं, अशी मीच माझी समजूत घातली. परत जाऊन उरलेला बोल्ट काढला आणि निघालो.

रविवारी बॉक्स ताईच्या गाडीला बसवला. नवी पिन घातली, पिवळी रेघ ओढली. मी डावखुरा आहे, पिनेचं टोक माझ्या हातून नेहमी डावीकडे वळतं. ते दोनदा बघून घेतलं. सोमवारी पहाटे, ताई निघायच्या आधी, उगाच मनाला चैन पडेना म्हणून तिच्या दारात गेलो आणि गाडीखाली बॅटरी मारली.

पिनेच्या जागी खिळा होता.

मी तो उपटला, नवी पिन घातली, ताईला काही बोललो नाही. काय बोलणार? त्यानंतर रोज पहाटे जात राहिलो. तीन आठवड्यांत चार वेळा खिळा निघाला. ताई हसायची. "डावऱ्या, तुला झोप येत नाही का रे? एवढी माया आधी कुठे होती?" मला तिचा राग यायचा आणि तिच्या जिवाची भीतीही वाटायची. मी भित्रा आहे, हे मला त्या तीन आठवड्यांत कळलं. आयुष्यभर दुसऱ्यांना तेच म्हणत आलो होतो.

आणि एका पहाटे मला जाग आली नाही. उठलो तेव्हा ऊन खिडकीत आलं होतं. तसाच धावलो. गाडी दारात नव्हती. फोन लावला, लागेना. घाटात लागतच नाही. घाटाच्या पायथ्याशी जाऊन रस्त्याच्या कडेला बसलो. दुपार झाली. वरून येणारी प्रत्येक गाडी उतरताना दिसायची आणि ती तिची नसायची. देवाला हात जोडले, मी! शेवटी चारच्या सुमाराला पिकअप वळणावर दिसली. सरळ, शांतपणे आली आणि माझ्यापाशी थांबली.

ताई खाली उतरली. "असा काय बसलायस रस्त्यात? काय झालं?"

मी गाडीच्या पुढच्या चाकांकडे बघत राहिलो.

"तू नाही आलास म्हणून काही अडलं नाही हो," ती म्हणाली. "तुझा माणूस आला होता ना पहाटे. मी बाहेर आले तर गाडीखाली कामाला लागलेला. बिचारा किती हळू बोलतो. सतराचा पाना मागितला, मी दिला. काम झाल्यावर परत केला, कसा, दांडा माझ्याकडे करून. तुझ्यापेक्षा रीतीचा आहे."

माझ्याकडे माणूस नाही. कधीच टिकला नाही, मी टिकू दिला नाही.

"काय… काय म्हणाला?"

"मी म्हटलं, माझा भाऊ रोज बघून जातो. तर म्हणाला, मिस्त्रींना सांगा, तुम्ही बाहेर उभे राहा. काम मला करू द्या." ताईने नाक वर केलं. "आणि काय रे, आज दिवसभर गाडीत पावाचा वास येतोय."

मी रस्त्यावरच पाठीवर झोपलो आणि खाली सरकलो. खिळा नव्हता. नवीकोरी पिन होती, माझ्यापेक्षा सफाईने बसवलेली. टोक उजवीकडे वळवलेलं. नटावरून दांड्यापर्यंत पिवळी रेघ, अखंड. मी बोट लावलं. सकाळपासून घाट चढून-उतरून आलेली गाडी, अंगावर बोटभर धूळ, आणि तो रंग अजून ओला होता.

ताईची गाडी आता उत्तम चालते. मी पहाटे जात नाही. त्याने सांगितलं तसा बाहेर उभा राहतो.

आली वीज. घ्या, हवा भरून देतो. तुमच्या गाडीच्या स्टेअरिंगची पिन मघाशी मीच बसवलीय, टोक डावीकडे वळवून. घरी पोचलात की वाकून एकदा बघून घ्या, कुठे वळलंय ते. मला सांगायला येऊ नका.