अर्धं राहिलेलं कडवं

माझा एक वर्गमित्र होता. चष्म्यांचं दुकान चालवायचा, म्हणून आम्ही त्याला चष्मेवालाच म्हणायचो. डिसेंबरातला शनिवार, रात्रीचे पावणेदहा झालेले. दुकानावरची खोली भाड्याने दिली होती आणि सकाळी भाडेकरू यायचा होता. तेव्हा वर पडलेलं गाण्याचं मशीन तेवढं खाली आणावं, एवढ्याचसाठी तो जिना चढला.

हसू नका रे. तुम्ही आत्ता आत्याचं गाणं मधेच तोडलंत ना, म्हणून सांगतोय. मला हे त्यानं स्वतः सांगितलंय आणि तो थापा मारणाऱ्यातला नव्हता. गरज नसलेला चष्मासुद्धा त्यानं कधी कुणाच्या गळ्यात मारला नाही.

त्या खोलीत दर शनिवारी आमची मंडळी जमायची. कराओके. म्हणजे वाद्यं मशीनची, फजिती आपली. नियम कुणी लिहून ठेवले नव्हते, पण सगळ्यांना पाठ होते. एकानं लागोपाठ दोन गाणी म्हणायची नाहीत. कुणी गात असताना फोनमध्ये डोकं घालायचं नाही. माणूस कितीही बेसूर असो, टाळ्या वाजवायच्या, कारण पुढची पाळी आपलीच असते. आणि सुरू झालेलं गाणं संपेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही.

हा शेवटचा नियम त्यानंच मोडला. तोही बायकोच्या गाण्यात.

वहिनींना गाण्याची भारी हौस, पण ताल म्हणाल तर... जाऊ दे. शब्दाच्या मधेच श्वास घ्यायच्या आणि मागे पडायच्या. त्या आठवड्यात रोज भांडी घासताना एकच गाणं घोकत होत्या. शनिवारी दुसऱ्या कडव्यात अडखळल्या. दोघं-तिघं खाली मान घालून हसले आणि ह्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्यानं मशीन बंद केलं. म्हणाला, "पुरे आता. लोकांना घरी जायचंय."

वहिनी हसल्या. सगळ्यांना चहा दिला. पण त्यानंतर घरात कधी गुणगुणल्यासुद्धा नाहीत. दोन महिन्यांनी साध्या तापाचं निमित्त झालं आणि गेल्या.

आमचे शनिवारही तिथंच संपले. मशीनला पुन्हा कुणी हात लावला नाही. चष्मेवाल्याला मात्र एकच गोष्ट आतून खात होती, माफी मागायची राहिली होती. वर्षभर तो मनातल्या मनात रोज मागायचा, पण ऐकणारी कुठे होती? फार वाईट असतं रे ते.

तर त्या रात्री तो वर गेला. धूळ झटकली. चालू तरी आहे का बघावं म्हणून मशीन सुरू केलं. आता, त्यात गाणं आधी निवडावं लागतं, मग ते पहिल्यापासून लागतं. ह्यानं काही निवडलंच नव्हतं.

लागलं ते वहिनींचं गाणं. दुसऱ्या कडव्यापासून.

पडद्यावर शब्द सरकत होते. वाद्यं वाजत होती. गाणारं कुणी नव्हतं. त्याचा हात बटणाकडे गेला...

तेवढ्यात स्पीकरमधून श्वास आला.

बाईचा. शब्दाच्या मधेच. चुकीच्या जागी.

पुढची ओळ आली. पुन्हा श्वास. आवाज नाही... नुसता श्वास.

घाबरला का? घाबरलाच. जिना जवळच होता. पण तो गेला नाही. हात मागे घेतला, भिंतीला टेकून खाली बसला आणि म्हणाला, "म्हण तू. मी नाही बंद करणार."

कडवं पुरं झालं. ध्रुवपद झालं. वाद्यं थांबली.

मग काहीच नाही...

त्यानं टाळ्या वाजवल्या. एकट्यानं, रडत, बराच वेळ.

शेवटी उठला. मशीन उचलायचं म्हणून माईक शोधला. तो कोपऱ्यात, वहिनींनी शिवलेल्या कापडी पिशवीत होता. नाडीची गाठ तशीच बसलेली, गाठीवर धूळ. नखांनी सोडवावी लागली. पिशवी कोरडी ठणठणीत होती. त्यानं माईक बाहेर काढला.

जाळी ओली होती.