म्युलर साहेबाचं जातं

"बाई, माह्या जात्याले कोणी हात नाही लावला पाहिजे. मी स्वतः पाहीन काय करायचं ते. तवर तुमी ध्यान ठेवा."

कुंपणापलीकडून सांगितलेले हे शब्द कस्तुराबाईंच्या कानातून जात नव्हते. सोमवारी दिवेलागणीला सांगणारा म्युलर साहेब आज, मंगळवारी दुपारी, त्याच जात्यावर पालथा पडला होता. उजव्या हाताची बोटं जात्याच्या तोंडात खुपसलेली. ओठ निळे. ताटात अर्धी भाकर तशीच होती, आणि ओट्यावर एक कावळा पाय वर करून पडला होता. भाकरीचा तुकडा अजून त्याच्या चोचीत होता.

"कोणीच आत येऊ नका," कस्तुराबाईंचा धाकटा भाऊ, पोलीस पाटील शालिग्राम, दारात हात आडवे करून ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "अक्का, तू तरी कायले आली?"

"त्यानं मले सांगितलं होतं, शालू," कस्तुराबाई हळूच म्हणाल्या. "म्या कबूल केलं होतं. आन् पोथी ऐकायले देवळात गेले."

 त्यांनी हातातली जपाची माळ कमरेला खोचली आणि खाली बसल्या.

अनसिंगात या जर्मन माणसाला सगळे म्युलर साहेब म्हणत. पूर्वी तो कापसाच्या एका जिनात फिटर होता. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने त्याला जर्मन म्हणून कोंडून ठेवलं. सुटल्यावर सगळ्यांना वाटलं, हा आता आपल्या मुलखाला जाईल. तो आला अनसिंगला. पंप दुरुस्त कर, शिवणयंत्राला तेल घाल, असं करत राहिला. जवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरची रुपाबाई त्याच्या भाकरी करायची, दळण दळायची. बाजूचं घर कस्तुराबाईंचं.

एकदा कस्तुराबाईंनी त्याला विचारलं होतं, "साहेब, म्युलर म्हंजे काय वो?"

"दळणारा," तो म्हणाला होता. "आमच्या मुलखात नदीवर चक्की राह्यते. पाण्यानं फिरते. ती चालवणारा तो म्युलर. माहा आजा तेच करे."

"अगं माय! दळण तर आमी बाया दळतो. आमचं नाव नाही पडलं कधी."

तो पोट धरून हसला होता. "पडलं असतं तर अर्धं गाव एकाच नावाचं झालं असतं! आमचं तसंच झालं. गाव तिथं चक्की, चक्की तिथं म्युलर. या नावाचे जेवढे लोक, तेवढे दुसऱ्या नावाचे नाही. एकाचा दुसऱ्याशी काहीच संबंध नाही, बाई. तुमच्याकडे गावोगाव पाटील राह्यतात ना, तसं."

श्रावण लागण्याआधी आणखी एक म्युलर आला. उंच, गोरा, मऊ बोलणारा. नाव कार्ल. मुंबईहून आलो म्हणाला. गाडीतून उतरला तो तांड्याचा नायक सेवादास याच्यापुढेच. नायक राठोड गोताचा. दूरच्या तांड्यावरचा राठोड दारी आला तर तो भाऊ. त्याला आधी पाणी, मग खाट, मग विचारपूस. तांड्याची रीतच तशी. या गोऱ्याने "हम भी म्युलर" म्हणताच सेवादासने त्याचं सामान खांद्यावर घेतलं आणि थेट साहेबाच्या दारात आणून सोडलं. "साहेब, तुमचा गोतभाऊ आनला!" कार्ल म्हणाला, मी पुतण्या. म्हातारा क्षणभर नुसता बघत राहिला. मग कार्ल त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला आणि म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. किती वर्षांनी ती भाषा कानावर पडली होती.

पण नंतर नंतर म्हातारा गप्प झाला होता. अंगणात पुतण्या आला की तो उठून आत जाई.

संध्याकाळच्या गाडीने वाशीमहून उदयसिंग जमादार आला. जाडजूड, घाईचा माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने साहेबाच्या अंगणातच चौकशी मांडली. कुंपणाला गाव लोटलं होतं. समोर रुपाबाई, हाताला दोर. मागे सेवादास. एका बाजूला कार्ल, टोपी छातीशी धरून, डोळे लाल.

शालिग्रामने डब्यातल्या पिठाची चिमूट आदल्या दिवशीच जिभेवर टेकवून पाहिली होती. जिभेला मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले. बचनाग. त्या मुळीचं विष सगळ्यांना ठाऊक होतं.

"भाकर कोणं केली?" जमादाराने विचारलं.

"म्या," रुपाबाई म्हणाली.

"पीठ?"

"डब्यातलं. साहेबाच्याच घरचं."

"तू खाल्ली नाहीस?"

"माहा तीजेचा उपास होता. दोन भाकरी केल्या, शिंक्यात ठेवल्या आन् तांड्यावर गेले."

"वा! बरोबर त्याच दिवशी उपास. तांड्यात बचनाग राह्यते का नाही?"

"राह्यते. लांडग्यायसाठी. नायकाच्या घरी."

"बस झालं मंग!" जमादाराने मांडीवर थाप मारली. "म्हाताऱ्याचं घर आपल्याले भेटीन असं हिच्या मनात. वरून पुतण्या टपकला. आला राग, घातलं विष."

"मी कायले त्याले मारू, सायेब?" रुपाबाईचा आवाज फाटला. "माह्या लेकराले देवी आली तवा घरात कोणी पाय नव्हता ठेवत. तो बसला होता उशाशी. इचारा गावाले!"

 गावातलं कोणी वर पाहीना.

"तुम कहाँ था?" जमादार कार्लकडे वळला.

"तांडे में. रविवार से. तीज देखने के लिए. नायक के घर सोया, उधर ही खाया. चाचा को फिर देखा नहीं." त्याने डोळे पुसले.

सेवादासने मान हलवली. "खरं हाय. माह्याच घरी होता."

"चला. उठ वं तू," जमादार रुपाबाईला म्हणाला.

"जमादारसाहेब, थोडं थांबता का?"

आवाज इतका हळू होता की जमादाराला तो कुठून आला हे कळायला वेळ लागला. कस्तुराबाई पदर सावरून पुढे आल्या. हातात पाण्याने भरलेला कटोरा होता.

"अक्का, हे सरकारी काम आहे," शालिग्राम कुजबुजला.

"पाहू दे ना त्यायले, शालू. दोन गोष्टी इचारते फक्त."

त्या कार्लसमोर बसल्या. मधे घरातून उचलून आणलेलं जातं होतं. प्रेत हलवल्यावर त्यावर चादर घातलेली होती.

"भाऊ, आता या घराचे तुमीच. म्हनून इचारते. हे जातं ठेवता का फेकता? लय गुळगुळीत झालं आहे. दळतच नाही, नुसतं भरडते."

रुपाबाईने तोंड उघडलं. कस्तुराबाईंनी तिच्याकडे एकदाच पाहिलं. तिने ते मिटलं.

कार्ल जरासा हसला. रडल्यानंतरचं हसू. "नहीं माताजी. अच्छा पीसता है. एकदम बारीक. हम म्युलर लोग है, कितने पीढी से. चक्की का काम हमको मालूम."

"असं का? नवी टाकी लावली की पहिलं जे पीठ निघते, त्याचं काय करतात तुमच्या इकडे?"

"क्या करेगा? रोटी बनाएगा."

कुंपणापाशी बायांमध्ये एकदम सळसळ झाली. एका म्हातारीने तोंडावर हात ठेवला. "राम राम राम," ती पुटपुटली.

"काय झालं?" जमादार चिडून म्हणाला. "मले काही समजून नाही राह्यलं."

"सांगते साहेब," कस्तुराबाई म्हणाल्या. त्यांनी कटोरा त्याच्यापुढे ठेवला. "हे डब्यातलं पीठ. काल पाण्यात कालवून ठेवलं. तळाशी काय बसलं पाहा. हात लावा. तोंडात नका घालू."

जमादाराने तळाला बोट घासलं. "कचकच आहे. दगड."

"जात्याले टाकी लावली, म्हंजे छन्नीनं त्याच्या अंगाले खाचा पाडल्या, की पहिल्या दळणात दगडाची कच येते. म्हनून आधी कोंडा दळायचा आन् उकिरड्यावर फेकायचा. सोमवारी टाकी लावणारा टाकारी माह्या घरी आला, तसाच इथं. म्या माह्या जात्यावर काल सकाळी कोंडा फिरवला आन् फेकला. साहेब तर दळणाऱ्याचाच नातू. त्याले कोंडा फिरवायचा होता, म्हनून तर मले म्हने कोणाले हात लावू देऊ नका. आता सांगा, जे पीठ जनावरालेही कोणी घालत नाही, ते या डब्यात कोणं भरलं?"

"रुपाबाईनंच!"

"ती जन्मापासून दळते. इचारा तिले."

रुपाबाई आता रडत नव्हती. "पीठ हाताले खरबरीत लागलं होतं बाई. वाटलं साहेबानं कोंडा फिरवून मंग दळलं, तरी थोडी राह्यली असन. साहेबाच्या घरचं पीठ मी कायले तपासू?"

"विष घालायचंच असतं, तर तिनं पिठात कच कायले येऊ दिली असती?" कस्तुराबाई म्हणाल्या. "खाता खाता साहेबाच्या दाताखाली ती आली. अर्धी भाकर टाकून तो उठला. अंगात इख भिनत होतं, तरी तो दाराकडे नाही गेला. जात्याकडे गेला. आपल्या माघारी कोणतरी इथं दळलं, हे त्याले समजलं होतं. बोट घालून तो तेच पाहत होता. आपण म्हनलं, पडला."

त्यांनी चादर काढली. शालिग्रामने जात्याची वरची तळी उचलली. नव्या खाचांत ज्वारीचं पीठ होतं, आणि त्यात काळपट, केसांसारखे मुळीचे धागे अडकले होते.

कुंपणापाशी लोक टाचा उंचावून पाहू लागले. 

"बचनागाचं मूळ सुकं, टणक राह्यते. ज्वारीत घालून दळल्याबिगर पिठात मिळत नाही," त्या म्हणाल्या. "आता रुपाबाई, तूच सांग. सोमवारच्या आधी हे जातं कसं होतं?"

"भरडत होतं नुसतं. हा यायच्याही आधीपासून. म्हनून तं साहेबानं टाकारी बलावला."

"आन् टाकारी आला सोमवारी, दिवस कलल्यावर. हे भाऊ म्हनतात, रविवारपासून इथं पाय नाही ठेवला." कस्तुराबाईंनी कार्लकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, त्यामुळेच ती जड होती. "मंग बारीक दळते, हे तुमाले कोणं सांगितलं, भाऊ?"

कार्लच्या हातातली टोपी गळून पडली.

"सोमवारी सांजेले हा नदीवर गेला होता," सेवादास घोगऱ्या आवाजात म्हणाला. "पोरी तीजेची गाणी म्हनत होत्या. धुवायले जातो म्हने. लय उशिरा आला... बचनागाची पुडी माह्या घरच्या कोनाड्यात राह्यते. हा त्याच खोलीत निजे."

"तवाच साहेब मोटारीच्या अड्ड्यावर गेला होता, वाशीमच्या गाडीचं इचारायले. आन् मी देवळात," कस्तुराबाई म्हणाल्या.

"वाशीमले कायले?" जमादाराने विचारलं.

"तुमच्याकडे," रुपाबाई म्हणाली. "परवा म्हने, पोलिसात जातो. काहून, ते नाही सांगितलं."

"ते मी सांगते," कस्तुराबाई म्हणाल्या. "हा त्याचा पुतण्या नाही. चक्कीवाल्याच्या घरचा असता, तर पहिल्या पिठाची भाकर करतो नसता म्हनला. आपण सगळे फसलो ते नावाले. आपल्याकडे एक गोत म्हंजे एक रगत. त्यायच्याकडे म्युलर म्हंजे नुसता धंदा. गावोगाव, हजारो घरं. शालू, तू पाटील. मेडशीचा पाटील तुहा काय लागतो?"

"काहीच नाही."

"तसं. ज्याले लपायचं आहे, तो ज्या नावाची लय गर्दी, तेच नाव घेईन. काय करून आला हा लढाईत, देव जाणे. साहेबानं चक्कीच्या गोष्टी काढल्या असतीन, आजाच्या गोष्टी. याले एकही आली नसन. साहेब पोलिसात चालला, म्हनून यानं हे केलं."

कार्ल एकदम उठला. कुंपणाकडे दोन ढांगा टाकल्या असतील, तोच सेवादासने त्याचं मनगट धरलं. म्हाताऱ्याची पकड, पण सुटेना.

"म्या तुह्यं सामान उचललं रे," सेवादास म्हणाला. "भाऊ म्हनून."

"तेरा असली नाम क्या है?" जमादाराने विचारलं.

तो माणूस हसला. या वेळी त्या हसण्यात रडं नव्हतं. "म्युलर," तो म्हणाला. आणि दोन्ही हात पुढे केले.

बेड्या घातल्या. पण रुपाबाईचा दोर सुटला नाही.

"हिलेही यावं लागीन," जमादार नजर चुकवत म्हणाला. "भाकर हिनंच केली. मॅजिस्ट्रेटपुढे उद्या दोघायले उभं करतो. त्यायनं मानलं तर सुटीन."

"कोण मानीन?" रुपाबाई म्हणाली. "तो गोरा. मी तांड्याची. कालपरवापावेतो चोर समजून आमची हजेरी घेत होते पोलीस. त्याले वकील भेटीन, तो इंग्रजीत बोलन. मी कोणत्या भाषेत सांगू कच काय राह्यते ते?" तिने कस्तुराबाईंचा पदर धरला. "तुमी या बाई. जसं आता सांगितलं तसंच सांगा. या ना!"

"अक्का नाही येणार," शालिग्राम घाईने म्हणाला. "तिचा चातुर्मासाचा नेम आहे. कार्तिकीपावेतो गावाची शीव ओलांडत नाही. भाऊजी गेले तवापासून एकदा मोडला नाही."

 कस्तुराबाईंनी रुपाबाईच्या बांधलेल्या हातावर आपला हात ठेवला.

"येईन," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताना त्यांनी तुळशीला पाणी घातलं. रोजच्यापेक्षा थोडा जास्त वेळ उभ्या राहिल्या. काही मागितलं नाही. ओसरीवर शालिग्राम झोपला होता, त्याला उठवलं नाही. दाराची कडी हळूच लावली. रस्ता ओला होता, आभाळ खाली आलेलं. शिवेवरच्या शेंदूर फासलेल्या दगडापाशी त्या थांबल्या, चपला काढून हात जोडले. मग चपला पायात घातल्या आणि मोटारीच्या अड्ड्याच्या वाटेला लागल्या.