साडेएकोणऐंशीला अडलेला हवालदार

साताऱ्याच्या एसटी स्टँडवरच्या वजनाच्या यंत्रावर एक उंचापुरा गडी तिसऱ्यांदा चढला, तेव्हा मयूरीला हसू आवरेना. पहिल्यांदा तो बुटांसकट चढला होता. कार्ड वाचून त्याचा चेहरा पडला, म्हणून बूट काढले. दुसऱ्या कार्डानंतर घड्याळ आणि पट्टा काढला. आता तिसरं कार्ड हातात घेऊन तो यंत्राकडे असा बघत होता, जणू घरच्या माणसानंच दगा दिला होता.

"हसाय काय झालं?" त्यानं विचारलं.

"काही नाही... मोजेही काढून बघा. तोळाभर कमी भरेल."

दुसरा कुणी असता तर चिडला असता. हा कानापर्यंत लाल झाला आणि मग स्वतःच हसला. हसला की त्याचे डोळे पार बारीक व्हायचे — मयूरीनं ते उगीचच टिपून ठेवलं.

सांगलीची गाडी लागेपर्यंत दोघांची ओळख झाली. तो हवालदार जयराज, कोरेगावकडचा, दोन महिन्यांच्या रजेवर आलेला. वजन वाढलं म्हणून फौजेत त्याची मेडिकल कॅटेगरी उतरली होती. रजा संपली की पुन्हा मेडिकल. वजन अठ्ठ्याहत्तरवर आलं तर पलटणीबरोबर लडाखला, नाहीतर मागे पुण्यात डेपोमध्ये बैठं काम. मयूरी मूळची सांगलीजवळच्या माधवनगरची, साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माडीवरच्या एका खोलीत आहारसल्ल्याचं केंद्र चालवायची आणि शनिवारी घरी जायची. असं गिऱ्हाईक स्टँडवर आयतं सापडावं, हे तिला गमतीचं वाटलं. मंगळवारी या, एवढं सांगून ती गाडीत चढली. गाडी किणी टोलनाक्याच्या अलीकडे कुठं वळली, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

तो मंगळवारी आला, आणि मग दर मंगळवारी येत राहिला. अकराची वेळ दिली की सव्वादहालाच बाहेरच्या बाकावर ताठ बसलेला दिसे. खाल्लेल्या घासाघासाची वही तो फौजी शिस्तीनं लिहायचा. एक ज्वारीची भाकरी, एक वाटी वांग्याची भाजी, बिनसाखरेचा चहा. चौथ्या मंगळवारी काटा चौऱ्याऐंशीवरून साडेएकोणऐंशीवर आला.

"तुमी सांगाल ते सोडलं, मॅडम," तो म्हणाला. "गूळ सोडला, भात सोडला. आता मंगळवार तेवढा सोडाय सांगू नका."

मयूरीनं वहीत डोकं घातलं आणि नसलेली चूक शोधत बसली.

पण पाचव्या मंगळवारी काटा जागचा हलला नाही. असं होतं, तिनं समजावलं. शरीर हलकं झालं की त्याला खाणंही कमी पुरतं, म्हणून आधी चाललेलं आता चालत नाही. तिनं धावण्याला जोड म्हणून जोर-बैठका सांगितल्या, झोप विचारली, वही पुन्हा वाचली. वही निर्मळ होती. लडाखचं नाव निघालं की जयराजचे डोळे चमकायचे. त्याच्या हाताखाली तयार झालेली पोरं तिकडे निघाली होती आणि त्यांना एकटं पाठवायचं त्याच्या जिवावर आलं होतं. त्याला जायचं होतं, मनापासून जायचं होतं. ते ऐकताना मयूरी त्याच्या रजेचे उरलेले दिवस मोजायची.

सहाव्या मंगळवारच्या आदल्या दिवशी त्याची आई, अंबूबाई, बाजाराला आली आणि मयूरीसाठी डबा ठेवून गेली. दोडक्याची भाजी होती. मयूरीनं दोन घास मिटक्या मारत खाल्ले, आणि तिसरा घास हातातच राहिला. भाजीत दोडका कमी आणि शेंगदाण्याचं कूट जास्त होतं. जाता जाता अंबूबाई म्हणालीच होती, "एकच भाकरी खातंय पोरगं. म्हून भाजीत जरा हात सैल सोडते."

वहीत कूट कुठंच नव्हतं. असणार तरी कसं? माधवनगरला तिच्या आईच्या हातूनही प्रत्येक भाजीत मूठभर पडायचंच. कूट म्हणजे मीठ-हळदीच्या पंगतीतलं, ते खाल्लं म्हणून कुणी लिहितं का? एवढी शिकलेली मयूरी, पण तिनंही कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काटा पुन्हा साडेएकोणऐंशी. जयराजनं तिच्याकडे पाहिलं. एका वाक्याचं काम होतं. पण साताऱ्याहून पुणं दोन-अडीच तासांवर... आणि लडाख?

"होतं असं," ती म्हणाली. "अजून एक आठवडा बघू."

तो आठवडा तिनं कसा काढला, तिचं तिला ठाऊक. रविवारी घरी जेवताना आईनं वाढलेली भाजी तिला गिळवेना. त्याला थोपवून धरावं असं जीव म्हणायचा, आणि ज्याचं मन तिकडे लागलंय त्याला थोपवून मिळवायचं तरी काय, असं वाटून रडू यायचं. सातव्या मंगळवारी तो खुर्चीत बसायच्या आत तिनं सांगून टाकलं, की घरी कूट बंद करा.

रजेच्या शेवटच्या दिवशी काटा अठ्ठ्याहत्तरला टेकला. जयराज लहान पोरासारखा हसला, आणि मग हळूहळू त्याचं हसू उतरलं.

"तुमच्यामुळं चाललोय, मॅडम," तो म्हणाला.

तेवढं मात्र तिला सोसलं नाही. "माझे आभार मानू नका," ती म्हणाली. "कुटाचं मला आधीच कळलं होतं... तुमच्या आईचा डबा खाल्ला तेव्हाच. आठ दिवस मी गप्प बसले."

त्यानं विचारलं, "का?"

"पुणं जवळ आहे," मयूरी म्हणाली. तिनं त्याची वही मिटून ठेवली.

खाली नाक्यावर उसाच्या ट्रॉल्या करकरत चालल्या होत्या. जयराजनं हातातली टोपी गुडघ्यावर ठेवली. रागावला असेल, आता उठून जाईल, असं तिला वाटलं.

"आठच दिवस?" तो हळूच म्हणाला. "मला वाटलं हुतं, तुमी जरा जास्त ठिवून घ्याल."

मयूरीनं मान वर केली. त्याचे डोळे भरले होते, आणि तरी बारीक झाले होते.

"दोन वर्सं लागतील तिकडं," तो म्हणाला. "मदी एकदा रजा हाय. तवा मी हितं वजन कराय येणार न्हाई. आईला घिऊन माधवनगरला येईन, तुमच्या घरी... येऊ न्हवं?"

"लवकर या," ती म्हणाली.

तो अजून खुर्चीतून उठलाही नव्हता.