मागून येणारी घंटी

सुकन्यानं आयुष्यात पहिल्यांदा लेसचे बूट घेतले ते लग्नानंतर सात महिन्यांनी, उदगीरच्या बाजारात, सासूच्या देखरेखीखाली. गुरम्मांनी दुकानदाराला बुटाचा तळ वाकवून दाखवायला लावला, शिवण नखानं खरवडून पाहिली आणि तिच्या मापाचा जोड मागितला. तो नव्हता. एक आकडा लहान होता. "घे गं, घातल्यावर ताणतो," गुरम्मा म्हणाल्या. त्या घरात बरेच प्रश्न असेच सुटत. सुकन्यानं तोच जोड घेतला. ती मुळात बोलायचीच कमी. बघायची मात्र सगळं.

बूट लागणार होते डोंगरासाठी. तिचा नवरा मन्मथ घरच्या आडत दुकानावर बसायचा. सोयाबीनची गर्दी ओसरली तसं त्यानं तीन दिवसांच्या डोंगरसहलीचं ठरवलं. इस्लापूरजवळच्या एका खेड्यात मुक्काम, सहाच माणसं आणि एक वाटाड्या. सात महिन्यांत दोघं घराबाहेर एकत्र गेले होते ते दोनदाच, तेही देवाला, आणि दोन्ही वेळा गुरम्मा मध्ये बसल्या होत्या.

बसमध्ये मन्मथनं खिडकीबाहेर बघत एकच गोष्ट मागितली. "तिथं घरचं कुणी नसणार. मला नावानं हाक मारशील? एकदा तरी."

तिनं मान हलवली. पण ओठांशी आलेलं नाव तिथंच अडायचं. माहेरी आईनं कधी वडलांचं नाव घेतलं नव्हतं, सासरी गुरम्मांनी सासऱ्यांचं. तिनं स्वतः ते एकदाच घेतलं होतं, उखाण्यात, तेही चाळीस बायकांनी दार अडवून धरल्यावर. रात्री तो झोपला की ती कधीकधी मनातल्या मनात म्हणून बघायची. मन्मथ. शेवटचं अक्षर जरा लांबवून. आवाज मात्र कधी काढला नाही.

वाटाड्याचं नाव शेषेराव. मूळचा देवणीकडचा, गुराख्याच्या घरातला. पुढं वीस-बावीस वर्षं किनवटच्या जंगलात वनमजूर. बुटका, काटक माणूस. बोलायचा इतकं हळू की ऐकायला वाकावं लागे. पहिल्या सकाळी त्यानं पिशवी उघडली आणि प्रत्येकाच्या पाठीवरच्या सॅकला एकेक पितळी घंटी बांधली. गुरांच्या गळ्यातली.

"आता आम्हाला वैरण कधी?" लातूरचे निवृत्त शिक्षक भागवत सर म्हणाले.

"तुम्हाला काय, बांधलं तिथं चरता," त्यांच्या पत्नी सरजाबाईंनी लगेच टोला दिला. नांदेडहून आलेल्या दोघी नर्स मैत्रिणी, पुनम आणि तिची सोबतीण, फिदीफिदी हसल्या. मन्मथ मात्र हसला नाही. "मी काय पोळ्याचा बैल हाय का?" तो सुकन्याच्या कानाशी पुटपुटला.

शेषेरावानं ऐकलं, पण राग धरला नाही. "दोन घंट्या कधी सारख्या वाजत न्हाईत, मालक. देवणीला दोनशे गुरं रानात सुटली तरी माझा बाप डोळे मिटून सांगायचा, कुठली कुठं हाय, कोण लंगडतंय. तुमी डोंगर बघा. तुमाला मी ऐकतो."

आणि तो खरंच ऐकायचा. पहिल्या दिवशी सहस्रकुंडाला गेले. काळ्या लोखंडासारखा कातळ फोडून पैनगंगा खाली झेपावत होती, आणि तुषारांत ऊन अडकून राहिलं होतं. सुकन्याला वाटलं, आपण एवढं पाणी एका जागी कधी पाहिलंच नाही. आपल्याकडं तर घागर भरली की माणसं दोनदा वाकून बघतात. त्या गर्जनेतही शेषेराव पुढं बघत, मान न वळवता म्हणाला, "सर, गुडघा दुखून राहिला तुमचा. बसा पाच मिनिटं." भागवत सर शंभर पावलं मागं होते. दुसऱ्या दिवशी सागाच्या जंगलात त्यानं दाखवलं, अस्वलानं मोहाच्या बुंध्यावर नखं कशी ओढलीत, पावश्याचं घरटं कधी नसतंच ते कसं, कुठल्या वेलीतून पाणी निघतं. ती तोडण्याआधी त्यानं वेलीला हात लावला, जशी कुणाची परवानगी घ्यावी. सुकन्या त्याच्याकडं बघत राहिली. एवढं जाणणारा माणूस एवढ्या हळू बोलतो, याचं तिला फार अप्रूप वाटलं. तिच्या ओळखीत जो तो उलटा होता.

बूट काही ताणला नाही. उजव्या टाचेला फोड आला. तिची घंटी मग दोनदा लागोपाठ वाजायची आणि एकदा अडखळून. टण्-टण्... टण्. ती कुणाला बोलली नाही. मन्मथ तिच्यापुढं चालायचा, मागं वळायचा नाही. त्याची घंटी दुसऱ्या दिवशी दुपारपासून वाजत नव्हती. त्यानं गुपचूप तिच्यात रुमाल कोंबला होता. तिनं ते पाहिलं. सांगावं का? नवऱ्याची चहाडी परक्यापाशी कशी करायची, म्हणून गप्प बसली.

त्या संध्याकाळी चुलीपाशी पुनमनं विचारलं, "मामा, तुम्ही एवढं हळू का हो बोलता? अस्वल जागं होईल म्हणून?"

शेषेरावानं लाकूड पुढं सरकवलं.

"उद्या ज्या कड्यावर जायचं, त्याला आमी नाव ठेवलं न्हाई. तिथून सूर्य बघाल तर जन्मभर विसरायचे न्हाईत. पण धुकं आलं तर जिथल्या तिथं बसायचं. हाक मारायची न्हाई. हाकेला ओ द्यायची न्हाई. नुसती घंटी हलवायची, मी येतो." त्यानं निखारे ढोसले. "माझा धाकटा भाऊ सटवाजी. असंच धुकं होतं. त्यानं माझी हाक ऐकली, 'सटवाजी, इकडं ये.' गेला. मी... त्याच्या मागं उभा होतो. मी हाक मारलीच नव्हती."

चुलीतलं ओलं लाकूड चुरचुरलं.

"डोंगर माणसाचा आवाज शिकतो," शेषेराव म्हणाला. "घंटी शिकत न्हाई. म्हणून तवापासून मी आवाज जपून वापरतो."

"प्रतिध्वनी असतो तो," भागवत सर म्हणाले, पण तेही हळूच.

तिसऱ्या दिवशी पहाटे निघाले. कड्याच्या धारेवर पोचले तेव्हा उजाडलं होतं. खाली पैनगंगेचं वळण चांदीच्या पैंजणासारखं पडलेलं, पलीकडं विदर्भातल्या टेकड्या एकामागे एक निळ्या होत गेलेल्या, आणि सूर्य वर येताना सगळं रान हळदीत न्हाल्यासारखं पिवळं झालं. सरजाबाईंनी हात जोडले. सुकन्याच्या डोळ्यांत पाणी आलं, का ते तिलाही कळलं नाही. हे दाखवायला आपल्याला आणलं म्हणून ती मन्मथकडं बघून हसली. तो पन्नासेक पावलं पुढं, धारेवरून चालत होता. तोही हसला.

तिनं लेस बांधायला मान खाली घातली. वर पाहिलं तेव्हा तो नव्हता. डोंगरही नव्हता.

धुकं खालून आलं होतं. आवाज न करता, दूध उतू यावं तसं. त्याला वास होता, ओल्या राखेचा. स्वतःचे बूट दिसेनात. तिच्या जवळच कुठंतरी शेषेरावाची कुजबूज आली, "बसा. सगळे बसा. घंट्या."

एक वाजली, सरांची. मग सरजाबाईंची, जाड. दोन बारीक, नर्सांच्या. सुकन्यानं आपली हलवली.

"पाच," शेषेराव म्हणाला. त्याचा हात तिच्या खांद्यावर आला तेव्हा ती दचकली. "ताई... मालकांची कुठंय?"

"रुमाल कोंबलाय त्यांनी," ती म्हणाली. "कालपासून. मी सांगितलं नाही."

आणि मग पुढून, जिथं कडा संपतो तिथून, हाक आली.

"मन्मथ..."

तिचा आवाज. तिचाच. शेवटचं अक्षर जरा लांबवलेलं, जसं ती फक्त रात्री, मनात, आवाज न काढता म्हणायची. जगात कुणीच ऐकलं नव्हतं ते.

"मन्मथ... इकडे या ना."

आणि मग तिला मन्मथचा आवाज ऐकू आला. हसरा, हरखलेला. एवढ्या महिन्यांत तसा तिनं ऐकला नव्हता. "आलो! घेतलंस शेवटी!" दगडांवर त्याची पावलं. भराभर. दूर जाणारी.

ती ओरडणार तोच शेषेरावानं तिचं मनगट धरलं. "नको ताई! त्याला दोन आवाज येतील. एक नाव घेणारा, एक 'अहो' म्हणणारा. तो कुठं जाईल?"

तिला माहीत होतं तो कुठं जाईल.

तिनं पाठीवरची सॅक काढून छातीशी धरली आणि घंटी हलवली. धुक्यात तो आवाज केविलवाणा वाटला. पावलं थांबली नाहीत. पाचांतली एक घंटी, त्याला काय कळणार? तेव्हा तिला टाचेचा फोड आठवला. तिनं सॅक पुन्हा पाठीवर घेतली, उठून उभी राहिली आणि जागच्या जागी चालू लागली. उजवा पाय तसाच, दुखेल तसा टाकत. टण्-टण्... टण्. टण्-टण्... टण्. फोड फुटला. मोज्यात ओल पसरली. ती चालत राहिली.

पावलं थांबली.

"मन्मथ," पुढचा आवाज म्हणाला. आता जरा कमी गोड.

टण्-टण्... टण्.

खूप वेळ काहीच नाही. मग पावलं वळली. एकेक, चाचपत, जवळ आली, आणि धुक्यातून त्याचा चेहरा निघाला. पिठात बुडवल्यासारखा पांढरा. एका मुठीत गळ्यातलं इष्टलिंग घट्ट धरलेलं. त्यानं आधी तिच्याकडं पाहिलं, मग मागं.

"तू पुढं होतीस," तो म्हणाला. "मला दिसत होतीस. हात केला होतास."

धुकं जसं आलं तसं गेलं. तो जिथपर्यंत गेला होता तिथं शेषेरावानं काठी टेकवून दाखवली. दोन पावलं उरली होती.

उतरताना मन्मथनं सगळ्यांसमोर तिची सॅक घेतली आणि मागून चालू लागला. "दोन दिवस तेच ऐकत होतो मागं," तो हळूच म्हणाला. "बूट चावतोय तुला. विचारायचं होतं, पण कसं विचारावं..." सरजाबाईंनी नवऱ्याला कोपर मारलं, "बघा, शिका काही." सर म्हणाले, "तुझी घंटी मी चाळीस वर्षं ऐकतोय." सगळे हसले, गरजेपेक्षा जरा जास्तच.

निरोपाच्या वेळी शेषेरावानं सगळ्या घंट्या सोडून घेतल्या. सुकन्यानं वाकून नमस्कार केला तर तो मागं सरला. "माझ्या भावामागं कुणी लंगडत चाललं न्हाई," एवढंच म्हणाला. मग सहाही घंट्या, एकेक मोजून, चिंध्यांत गुंडाळून पिशवीत ठेवल्या. तिनं स्वतः पाहिलं. सहा.

घरी आल्यावर बूट माळ्यावर गेले. टाच आठ दिवसांत भरली. मन्मथ आता दुकानातून जेवायला वेळेवर यायचा आणि तिनं 'अहो' म्हटलं तरी हसायचा. नाव त्यानं पुन्हा मागितलं नाही. सगळं छान चाललं होतं.

एका सकाळी गुरम्मा दळण निवडताना म्हणाल्या, "सुने, एक बोलू का? नवऱ्याला नावानं हाक मारायची असंल तर खोलीत मार. काल माळ्यावरून केवढ्यानं मारून राहिली होतीस! शेजाऱ्यांनी ऐकलं असंल."

काल दुपारभर सुकन्या शेजारच्या बायकांबरोबर किराणा भरायला गेली होती. "चुकलं, अव्वा," ती म्हणाली. दुसरं काय सांगणार?

त्यानंतर तीनच दिवसांनी. मन्मथ स्वयंपाकघरात पाटावर बसला होता, दुकानाला निघण्याआधी. सुकन्या त्याच्या समोर भाकरी थापत होती. गुरम्मा दारात. भर सकाळ, अंगणात ऊन.

वरून हाक आली. शेवटचं अक्षर जरा लांबवलेलं.

मन्मथनं सुकन्याच्या तोंडाकडं पाहिलं. ते मिटलेलं होतं. त्याचा घास हातातच राहिला. पण तो उठला नाही. हाकेला फसायचं नाही, हे आता त्याला कळलं होतं. त्यानं तिला डोळ्यांनीच सांगितलं, घाबरू नको.

मग माळ्याच्या जिन्यावर घंटी वाजली. टण्-टण्... टण्.

मन्मथ उठला. त्याला कळलंही नसावं आपण उठलोय ते. पाय जिन्याकडं वळले होते.

"वर कोण हाय गं?" गुरम्मा म्हणाल्या. "तू तर हितं..."

सुकन्यानं पिठाच्या हातानं, सासूच्या देखत, नवऱ्याचं मनगट धरलं आणि बोटं रुतेपर्यंत आवळलं. तो थांबला. तिघंही वर बघत राहिले. तव्यावरची भाकरी जळू लागली, आणि स्वयंपाकघरभर ओल्या राखेचा वास सुटला.

घंटी पुन्हा वाजली. एक पायरी खाली.